विद्यापीठातल्या मैफलीला तुम्ही का येत नाही? खरं सांगा

सा लावणारी
नमस्कार मंडळी. मी संगीतात एम.ए. करतेय, दुसरं वर्ष. या हिवाळ्यात आम्ही काही मुलामुलींनी मिळून विद्यापीठाच्या आवारात तीन कार्यक्रम करायचं मनावर घेतलंय. पहिला शास्त्रीय: तीन गायक, एक सतार आणि एक एकल तबला. दुसरा गझल आणि नाट्यपदांचा. तिसऱ्याचं घोंगडं अजून भिजतंय. तारखा ठरल्या नाहीत, परवानगीचे कागद फिरताहेत. तिकीट नाही, पास नाही.

माझा प्रश्न वेगळाच आहे. मी आजवर जिथे जिथे गायले तिथे समोर कोण, तर आमचे आईबाबा, मैत्रिणी, हजेरीसाठी आलेले ज्युनिअर आणि पहिल्या रांगेत दीपप्रज्वलन झालं की घड्याळ बघणारे पाहुणे. बाकी खुर्च्या. आणि याच गावात देशपांडे सभागृहात मोठं नाव आलं की लोक पायऱ्यांवर बसतात. म्हणजे नागपूरकरांना गाणं नकोय असं नाही. मग आमचं काय चुकतं? रागावणार नाही, मोकळं बोला.

तर्री ज्यादा
काऊन का, आमाले मालूमच नसते ना ताई. अन् मालूम पडलं तरी कोणत्याबी कॉलेजच्या गेटावर गेलं का गार्ड विचारते, "कोण पायजे?" आता त्याले का सांगू, यमन राग पायजे?

माजी विद्यार्थी
गेटचं अगदी खरं. मी स्वतः तिथे शिकलो, तरी आता आत जाताना उगाच चोरट्यासारखं वाटतं.

महालकर
कन्ये, विचारलंस ते बरं केलंस. माझं कारण दोन शब्दांचं आहे: सहाचे सात.

मागे एका संस्थेच्या कार्यक्रमाला गेलो होतो. नाव सांगत नाही, सगळीकडे तेच आहे. पत्रिकेवर सहा. सव्वासातला पाहुणे आले. मग स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल, श्रीफळ, पाहुण्यांचं 'मी संगीतातला जाणकार नाही, पण' असं वीस मिनिटांचं भाषण. मुलीनं मारवा धरला तेव्हा पावणेआठ झाले होते. छान गात होती हो. पण मारवा म्हणजे सूर्यास्ताचा राग, तो पावणेआठला? सूर्य तोवर घरी जाऊन, जेवून, अंथरुणात शिरलेला.

आणि आपल्याकडे तर आणखीच घाई हवी. नागपूर पूर्वेला. मुंबईत डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तर इथे त्याच्या पंचवीस-तीस मिनिटं आधीच दिवेलागण. 'सायंकाळी ६ वाजता' हे तिकडच्या पत्रिकेवरून उचललेलं वाक्य आहे, आपल्या आभाळाशी त्याचा काही संबंध नाही. वसंतराव देशपांडे याच गावात शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात शिकले. पुढे लाहोरला असद अली खाँसाहेबांकडून त्यांनी मारवा घेतला आणि जन्मभर मिरवला. त्यांच्या गावात तरी मारव्याला वेळेवर बसवा.

सध्या बंगळुरू
काका, सी. रामचंद्रही सप्रे गुरुजींचेच ना?

महालकर
होय. एकाच सतरंजीवरून उठून एक ख्यालाकडे गेला, एक सिनेमाकडे. गुरुजींनी दोघांनाही अडवलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

सध्या बंगळुरू
रागाच्या वेळेबद्दल थोडं भांडतो. इथे कर्नाटक संगीतात वेळेचं बंधन कोणी एवढं मनावर घेत नाही. सकाळचा म्हणून सांगितलेला राग लोक रात्री आठला ऐकतात, मान डोलावतात, घरी जातात. काही बिघडत नाही. त्यामुळे पावणेआठला मारवा झाला म्हणून मी उठून जाणार नाही. दीड तास सत्कार बघायला लावले म्हणून मात्र जाईन.

दुसरं म्हणजे चेन्नईचा डिसेंबर सीझन, महिनाभर गाण्याचे कार्यक्रम. तिथल्या सभांमध्ये, म्हणजे संगीत संस्थांमध्ये, दुपारच्या वेळा नवख्या मुलांसाठी ठेवलेल्या असतात, बहुतेक ठिकाणी फुकट. पेन्शनर मंडळी वही घेऊन बसतात आणि पुढे तो मुलगा संध्याकाळच्या वेळेला पोचला की 'याला मी दुपारी ऐकलाय' म्हणून मिरवतात. आपल्याकडे ही हौस कोणाला नाही. आपल्याला तयार माणूस लागतो.

आणि हो, तिथे सभेच्या कँटीनची कीर्ती गायकाइतकीच असते.

तर्री ज्यादा
हे पयले सांगाचं ना राजेहो! सांबारवडीचा ठेला लावा, मी मारव्याच्या आधीपासून बसतो.

तिरकिट
तबला वाजवतो, त्यामुळे कार्यक्रमाला उशीर का होतो ते आतून सांगू शकतो. पाहुण्यांना सगळा दोष देऊ नका. निम्मा उशीर आमचा असतो.

पहिली गायिका काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून गाणारी. तिच्यानंतर मुलगा काळी एकला. त्याच्यानंतर पुन्हा मुलगी, काळी पाच. दर वेळी तबला बदला, तंबोरे पुन्हा लावा, पेटीवाल्याशी दोन शब्द, त्यात कोणीतरी माइक हलवून जातो. प्रत्येक बदलाला आठ-दहा मिनिटं धरा. श्रोत्याला दिसतं काय, तर मंचावर चार माणसं हातोडी घेऊन ठोकठोक करताहेत. ताई, पत्रिका करताना ज्येष्ठ-कनिष्ठ बघू नका, पट्टी बघा. काळी चार आणि काळी पाच पाठोपाठ, काळी एक शेवटी किंवा सुरुवातीला. मध्ये सतार नाहीतर एकल तबला टाका, तेवढ्यात आत पुढचे तंबोरे लागतात. मी हे तीन ठिकाणी करून बघितलंय, पाऊण तास वाचतो.

हवेचंही लक्षात ठेवा. कोरड्या हवेत पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ताणते, सूर चढतो. दमट हवेत उतरतो. ग्रीन रूममध्ये लावलेला तबला उघड्या मंचावर दव पडायला लागल्यावर तसाच राहत नाही. गारठ्यात तंबोऱ्याच्या तारा आवळतात, त्या वर जातात. तबला खाली, तंबोरा वर आणि पेटी जागच्या जागी. मग गाणारीचं तोंड बघा.

सा लावणारी
तिरकिट दादा, पट्टीचं हे आम्हाला सुचलंच नव्हतं. आम्ही आडनावांच्या क्रमाने लावलं होतं 🙈

रविनगरची काकू
मी साध्या गोष्टी सांगते, कारण त्या कोणी सांगत नाही. स्वच्छतागृह उघडं आहे का आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे. परतताना अंधारातून गेटापर्यंत चालायचं असेल तर दिवे आहेत का. टेकायला पाठीची खुर्ची आहे का, कारण सतरंजीवर बसलेली मी पुन्हा उठेनच याची खात्री नाही. या तीन गोष्टी पत्रिकेत लिहिल्या तर माझ्या भिशीतल्या आठ जणी येतील. गाणं कसंही असो.

तारीख ठरवताना विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचा आठवडा टाळा. सिव्हिल लाईन्स भागात जागोजाग बंदोबस्त असतो, रस्ते वळवलेले, आणि निम्मं गाव पाहुण्यांच्या सरबराईत. लग्नाच्या दाट तिथीही टाळा. माझ्या घरी एका रविवारी चार पत्रिका येतात, तिथे तुमचा यमन पाचवा.

माजी विद्यार्थी
शिवाय हिवाळी परीक्षा. म्हणजे उरले किती दिवस? जानेवारीतले दोन शनिवार. 😀

अडाणी श्रोता
धागा वाचत होतो, बोलू की नको असं चाललं होतं. मी का येत नाही सांगतो. मला कळत नाही. टाळी कधी वाजवायची ते समजत नाही. एकदा मी गाणं संपलं म्हणून वाजवली तर ते फक्त थांबले होते, आणि पुढच्या ओळीतल्या एका गृहस्थांनी मागे वळून असं बघितलं की मी मध्यंतरात निघालो. मोठ्या कार्यक्रमात गर्दीत लपता येतं. तुमच्याकडे वीस जण असतात, त्यात मी उघडा पडतो.

पांढरी चार
मग थोडं शिकून यावं. क्रिकेट बघायला जाताना एलबीडब्ल्यू म्हणजे काय हे माहीत असतंच ना? कलाकाराने दर वेळी बालवर्ग का घ्यायचा?

तर्री ज्यादा
जामठ्याले मॅच पाहाले जाणाऱ्या अर्ध्या पब्लिकले एलबीडब्ल्यू मालूम नसते भाऊ. ते टीव्हीत दिसाले जाते. तरी स्टेडियमवाले त्याईले हाकलत नाई.

महालकर
अडाणी श्रोता, मागे वळून बघणारा मीच असेन अशी भीती वाटतेय. मी असं करायचो. आता करत नाही.

सध्या बंगळुरू
निवेदनाबद्दल बोलूया का? बोलणारा असावा, पण 'सुरांच्या या चांदण्यात न्हाऊन निघताना' वाला नको. राग कोणता, ताल कोणता, बंदिशीचे शब्द काय. एवढं तीन वाक्यांत सांगून बाजूला होणारा माणूस कुठे मिळतो?

तिरकिट
गाणाऱ्यानेच सांगावं. 'मी आता मुलतानी गाते, एकतालात आहे, बारा मात्रा, मी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आले की तबलेवाल्याची मान बघा.' झालं. माझी मान फुकट आहे.

पण मला खरा राग आहे तो दहा मिनिटांचा. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात शास्त्रीय गायनाला दहा मिनिटं आणि दोन साथीदार. स्पर्धेला ते ठीक आहे, शंभर मुलं ऐकायची असतात. पण आमची मुलं तीन-चार वर्षं फक्त त्या दहा मिनिटांचीच तयारी करतात. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ एकतालाचं एक आवर्तन, बारा मात्रांची एक फेरी, पाऊण मिनिट खातं. म्हणजे संथ लयीतला बडा ख्याल पाच-सहा आवर्तनांत उरकायचा, लगेच द्रुत, म्हणजे जलद बंदिश, लगेच ताना, शेवटी तिहाई आणि घंटा वाजायच्या आत सम. आलाप कुठे करणार? परीक्षकासमोर आलाप म्हणजे वेळेची उधळपट्टी. मी साथीला बसतो तेव्हा कळतं, दहाव्या मिनिटानंतर या मुलांकडे काहीच नसतं. आवाज असतो, ताना असतात, पण पुढे कुठे जायचं ते माहीत नसतं, कारण पुढे कोणी कधी जाऊच दिलं नाही.

म्हणून ताई, तुमच्या पहिल्या कार्यक्रमात तीन गायक ठेवलेत ते मला पटलं नाही. दोन ठेवा. प्रत्येकाला पन्नास मिनिटं द्या. फसला तर फसू दे. आपल्याच गावात, आपल्याच माणसांसमोर फसायचं नाही तर कुठे?

सा लावणारी
हे वाचून पोटात खड्डा पडला. मी स्वतः दहा मिनिटांवाली आहे. गेल्या वर्षी घरी एकटीच पन्नास मिनिटं मुलतानी गायचा प्रयत्न केला. बाविसाव्या मिनिटाला तेच तेच यायला लागलं आणि मी थांबले.

महालकर
बावीस मिनिटं सुचलं हे कमी नाही. तेविसाव्याला समोर माणूस लागतो.

वडसेकर
लोक का येत नाहीत याची चर्चा चालू आहे, म्हणून आमच्या झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याचं, सांगतो. धान निघालं की मंडई भरते आणि मंडईला नाटक. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी. रात्री पडदा उघडतो, पहाटे पडतो. लोक तिकीट काढून थंडीत घोंगडी पांघरून बसतात. वादक मंचाच्या पुढ्यातच बसतात, गाण्याला वन्स मोअर पडतो तेव्हा नट भूमिका सोडून पुन्हा तेच पद म्हणतो. पाहुणे येतात, जेवणं होतात, सोयरिकी तिथेच जुळतात. नाटक चांगलं की वाईट हा प्रश्न सकाळी पडतो.

तिथे गेटावर कोणी 'कोण पायजे' विचारत नाही, कारण गेटच नसतं. आता तिसऱ्या कार्यक्रमाचं: दंडार, खडी गंमत या आमच्या लोककला, खंजिरी भजन, हे का नाही? विद्यापीठाला नाव कोणाचं आहे? आयुष्यभर खंजिरी हातात घेऊन गावोगावी गाणाऱ्या तुकडोजी महाराजांचं. मग पहिला मान खंजिरीचा.

पांढरी चार
भावना समजते. पण लोककलेला महोत्सवात लोकवाद्यवृंद आणि समूहगीत आहेच. भजन मंदिरात शोभतं. विद्यापीठात अभ्यासाचं संगीत असावं, नाहीतर उद्या ऑर्केस्ट्राही आणाल.

वडसेकर
आणू की. तुमचा 'अभ्यासाचं' आणि 'बिनअभ्यासाचं' हा शिक्का कुठे मिळतो तेवढं सांगा. एका हाताने खंजिरी वाजवत, त्याच श्वासात पद म्हणत, मागच्या वीस जणांना लयीत धरून दाखवा एकदा.

पांढरी चार
मी तुलना केली नव्हती.

रविनगरची काकू
भांडू नका. मी मूळची तिवसा तालुक्यातली, मोझरी आमच्या जवळच. महाराजांच्या पुण्यतिथीला तिथल्या गुरुकुंज आश्रमात ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन असतं. लाखाची गर्दी. ४ वाजून ५८ म्हणजे ५८, एकोणसाठ नाही. लहान असताना मला वाटायचं, एवढी माणसं एकदम गप्प होतात म्हणजे आता काहीतरी पडणार आभाळातून. महालकरांनी वेळेचं सांगितलं तेव्हा मला हेच आठवलं. वेळ पाळायला आपल्या माणसांना येत नाही असं नाही, शालीवाल्या पाहुण्यांपायी ती मोडते.

महालकर
काकूंनी माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली. खंजिरीबद्दल एकच सांगणं. आणायची असेल तर सन्मानाने आणा. 'लोककलेचं दर्शन' म्हणून सात मिनिटं, फेटे बांधून, फोटो काढून परत पाठवायची असेल तर आणू नका. पन्नास मिनिटं गायकाला, तर पन्नास मिनिटं भजनी मंडळालाही.

माजी विद्यार्थी
मग भीमगीतं आणि ताजबागेच्या दर्ग्यातली कव्वालीही घ्या. नागपूरचं संगीत म्हटल्यावर ही दोन वगळून कसं चालेल? धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर जे ऐकायला मिळतं ते कुठल्या सभागृहात मिळत नाही.

तर्री ज्यादा
तीन प्रोग्रामचे तेरा होऊन राहिले. ताई, पळ.

ध्वनीवाला
परवानगीचा विषय निघाला होता म्हणून लिहितो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते दिवस सणांमध्ये संपतात, त्याच्या भरवशावर राहू नका. बंद सभागृहात, आवाज आतल्या आत राहत असेल तर दहाची अट नाही. म्हणजे दरबारी, मालकंस गायचे असतील तर छत हवं. अंगणात बसलात तर यमन, बागेश्री करून सतरंजी गुंडाळायची. शैक्षणिक परिसर शांतता क्षेत्रात येतो का तेही परवानगी मागतानाच विचारून घ्या, मंडप घातल्यावर नको.

आणि खंजिरीला तोंडाशी माइक लावू नका. हातभर लांब ठेवा, नाहीतर आवाज फुटतो आणि लोक म्हणतात खंजिरी कर्कश आहे.

सध्या बंगळुरू
म्हणजे रात्रीचे राग आपण कायद्याने विसरत चाललोय. मग सकाळची सभा घ्या ना! रविवारी साडेसहा. ललत, मग भैरव, नऊनंतर तोडी.

तर्री ज्यादा
जानेवारीत साडेसहाले? नागपुरात? भाऊ बंगलोरात बसून बोलून राहिला. इथं त्या टायमाले फक्त पोह्यावाला उठलेला असते.

सध्या बंगळुरू
मग पोहेवाल्याला बोलवा. ललत आणि तर्री. मी विमानाने येतो.

सा लावणारी
सगळं दोनदा वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. तिला काकूंचं स्वच्छतागृह सगळ्यात जास्त पटलं.

काल आम्ही सगळे बसलो होतो. ठरलं ते असं. पहिल्या कार्यक्रमात तीनऐवजी दोन गायक, मध्ये सतार. एकल तबला दुसऱ्या दिवशी, कारण तो मुलगा स्वतःच म्हणाला की घाईत नको. सुरुवात पाच वाजता, मुलतानीने. म्हणजे सूर्य मावळेल तेव्हा मारवा हातात येईल. मुलतानी मी गाणार आहे. पन्नास मिनिटं. लिहिताना हात थरथरतोय. दीपप्रज्वलन मध्यंतरात, सत्कार नाहीत. पाहुण्यांना कसं सांगायचं हे ज्यांना जमतं त्यांच्याकडे सोपवलंय.

तिसरा कार्यक्रम खंजिरी भजनाचा. हे मी इथे आधी लिहिलं नव्हतं. माझे आजोबा तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळात खंजिरी वाजवायचे. भजनाला बसण्याआधी ती चुलीपाशी शेकून घ्यायचे, मग अंगठ्याने दोनदा टिचकी मारून कानाशी धरायचे. मी संगीत शिकते हे सांगताना आजवर गुरूंचं नाव सांगत आले, आजोबांचं कधी सांगितलं नाही. वडसेकर काका, तुमच्याकडच्या मंडळींशी बोलायचं आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. भीमगीतं आणि कव्वाली पुढच्या हिवाळ्यात, तेव्हा मी पास झालेली असेन आणि ज्युनिअरांना वेठीला धरेन.

पांढरी चार
खंजिरीला मी येईन. मागे बसेन.

वडसेकर
मागे नको. भजनाला मागे बसलं की टाळ हातात देतात. 😀

तर्री ज्यादा
सब ठीक, पण गेटावर का सांगू ते सांगा.

सा लावणारी
मुलतानी पाहिजे म्हणा. गार्डकाकांना सांगून ठेवते.

अडाणी श्रोता
महालकर काका, तुमच्या शेजारी बसलो तर चालेल का? टाळीचं खुणेनं सांगा.

महालकर
या. पण माझ्यावर फार विसंबू नका, मलाही दर वेळी कळतंच असं नाही. तिरकिटांची मान बघू.

रविनगरची काकू
माझ्या गाडीत दोन जागा आहेत, शंकरनगरावरून साडेचारला निघेन. शाल आणा.